हात ठीक आहे

केरबा चौगुल्यांचा उजवा हात भाजला, त्या दिवशीही ‘पारख’ने हात उत्तम असल्याचाच निर्वाळा दिला.

पडद्यावर नेहमीचं हिरवं वर्तुळ उमटलं. त्याखाली नेहमीची ओळ आली : ‘हात ठीक आहे.’ पडद्यापासून दोन फुटांवर तोच हात पांढऱ्या मलमात माखून उशीवर पडला होता. तीन बोटांची कातडी सुटली होती आणि अंगठ्यावर लिंबाएवढा फोड आला होता. डॉक्टर समीना मुजावर आधी पडद्याकडे बघत होत्या, मग हाताकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

“गौतमी, हे तुमचंच टूल ना?” त्यांनी विचारलं.

“हो,” गौतमी म्हणाली.

केरबांची ती एकुलती एक मुलगी. शरीरात बसवलेल्या यंत्रांतले दोष शोधून काढणारं ‘पारख’ नावाचं टूल नऊ वर्षांपूर्वी तिच्या कंपनीने काढलं, आणि त्याचा निम्माअधिक कोड तिच्या हातचा होता. आता सन २०४३ मध्ये कोल्हापूरपासून कोचीपर्यंत कुठल्याही इस्पितळात कृत्रिम संवेदनेचा रुग्ण आला की आधी ‘पारख’ लावत. ते हिरवं म्हणालं की डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळत. गौतमीला याचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

“आप्पा, दुखतंय का?” तिने विचारलं.

“न्हाई,” केरबा म्हणाले. मग मुलीच्या तोंडाकडे बघून, आपलं काही चुकलं की काय अशा आवाजात त्यांनी पुस्ती जोडली, “म्हंजे, दुखतंय की. थोडं थोडं.”

डॉक्टरांनी चिमट्याने सुटलेली कातडी काढली. केरबा खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसले होते. त्यांचा श्वाससुद्धा हलला नाही.

केरबा गुळव्या होते, गुऱ्हाळात पाक पारखून गूळ करणारे. भोगावतीकाठच्या माळवाडीत त्यांच्याइतका जाणता गुळव्या दुसरा नव्हता. गुऱ्हाळं आता पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. चुलवाणात चिपाडाऐवजी गॅस आला, पाकाच्या मोठ्या कढईला, काहिलीला, उष्णतामापक आला. पण उष्णतामापक एकशे सतरा अंश दाखवून मोकळा होतो. ऊस माळाचा की मळईचा, आडसाली की खोडवा, हे त्याला कोण सांगणार? म्हणून शेवटची परीक्षा बोटांचीच. केरबा हात गार पाण्यात बुडवत, पळीवरचा उकळता पाक चिमटीत धरत आणि लगेच पुन्हा पाण्यात नेऊन त्याची गोळी वळत. गोळीचा ताठपणा बोटांना कळला की म्हणत, “उतरा.” ते उतरा म्हणाले की काहील उतरे. मालकसुद्धा मध्ये बोलत नसे.

तीन वर्षांपूर्वी ऊस सारताना तो हात चरकात सापडला. हाडं जुळली, जखमा भरल्या, पण मनगटाखालच्या संवेदनेच्या नसा चेचून गेल्या होत्या. हात हले, उचले, पण त्याला काही कळत नसे.

गौतमीने वडिलांना कोल्हापुरात आणलं आणि सगळ्यांत नवा उपचार करवला. पाचही बोटांच्या टोकांत, कातडीखाली, तांदळाच्या कणीएवढे संवेदक बसवले. कोपराच्या वर, जिथे नस शाबूत होती, तिथे नखाएवढी चकती बसवली. बोटाला काही लागलं की संवेदक चकतीला कळवणार, आणि चकती विजेचे बारीक ठोके देऊन तो निरोप नसेत सोडणार. कुठल्या बोटासाठी नसेतल्या कुठल्या तंतूला किती ठोके द्यायचे, हे दर माणसाचं वेगळं असतं. त्याचा नकाशा शस्त्रक्रियेच्या वेळीच काढून चकतीत भरून ठेवतात. चकती सुरू झाली की तिने तो नकाशा उचलायचा आणि कामाला लागायचं.

चकती सुरू झाली. ‘पारख’ लावलं. हिरवं वर्तुळ आलं.

“आप्पा, जाणवतंय?” गौतमीने तेव्हा त्यांचं बोट दाबून विचारलं होतं.

“काय बी जाणवंना गं.”

“जाणवेल. सगळं नीट चाललंय.”

महिन्याने पुन्हा तपासणी झाली. पुन्हा हिरवं आलं, पुन्हा केरबा म्हणाले, “काय बी जाणवंना.” असं पाच महिने चाललं. मग गौतमीचा आवाज चढला. ती मुळात तापट नव्हती, पण दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून त्यातल्या निम्म्या बिनबुडाच्या असतात हे तिला सवयीने ठाऊक झालं होतं. ‘चालत नाही’ म्हणणाऱ्या दहांतले सात जण बटणच दाबत नाहीत, असं ती ऑफिसात म्हणे. तेच तिने वडिलांना लावलं.

“आप्पा, यंत्र खोटं बोलत नाही. तुमच्या मनात चरकाची भीती बसलीय, म्हणून तुम्ही हाताचं ऐकतच नाही.”

केरबांनी वाद घातला नाही. लेक शिकलेली, त्यातून ते टूल तिनेच केलेलं. ती त्यांना समुपदेशकाकडे घेऊन गेली. तिथे नऊ बैठका झाल्या. डोळे मिटायचे, हाताची कल्पना करायची आणि मोठ्याने म्हणायचं, ‘मला जाणवतंय.’ माणूस मोठा आज्ञाधारक. नवव्या बैठकीनंतर घरी आल्यावर गौतमीने त्यांचं बोट दाबलं आणि विचारलं, “जाणवतंय?”

“व्हय,” केरबा म्हणाले.

त्या दिवशी गौतमीने श्रीखंड आणलं होतं.

त्यानंतर सव्वा वर्ष सगळे सुखात होते. दर महिन्याला वर्तुळ हिरवं येई, केरबा व्हय म्हणत, डॉक्टर सही करत. केरबा बोलायचे मात्र कमी झाले. जेवताना ते डाव्या हाताने जेवत, आणि गौतमीने टोकलं की उजवा हात ताटाला लावून ठेवत. या जानेवारीत माळवाडीहून निरोप आला की गुळव्या आजारी आहे, केरबा आठवडाभर येतील का. केरबा नको म्हणत होते. गौतमीनेच त्यांची पिशवी भरली. “जा आप्पा, तिथे गेलात की हाताला सगळं आठवेल,” असं म्हणून तिने त्यांना गाडीत बसवलं.

पहिल्याच काहिलीला केरबांनी चिमटीत पाक धरला आणि तो कळायची वाट बघत उभे राहिले. कळेना म्हणून त्यांनी तो तसाच धरून ठेवला. शेवटी कुणीतरी ओरडून त्यांचा हात पाण्यात खुपसला.

पट्टी बांधून झाल्यावर डॉक्टर केरबांना घेऊन शेजारच्या खोलीत गेल्या. गौतमी पडद्यासमोर बसून राहिली. तिला रडू यायला हवं होतं, ते येत नव्हतं. आपल्याला काहीच वाटत नाहीये, एवढंच तिला जाणवलं आणि त्याची थोडी लाज वाटली. मग सवयीने तिने हिरव्या वर्तुळामागची आकडेवारी उघडली. ती सहसा कोणी उघडत नाही. वर्तुळ दिसल्यावर आकडे कोण बघतो?

आजच्या दिवसातलं बोटांचं सर्वाधिक तापमान लिहिलं होतं : ३१.४ अंश.

उकळत्या पाकात धरलेलं बोट ३१.४ अंशांवर कसं राहील? तिने मागच्या महिन्याची नोंद काढली. ३१.४. त्याच्या मागची, ३१.४. बावीस महिन्यांच्या बावीस नोंदी तिने एकीखाली एक मांडल्या. दशांशातसुद्धा फरक नव्हता. कुठल्याही जिवंत माणसाचा हात बावीस महिने असा राहत नाही. पण हे आकडे तिच्या ओळखीचे होते, कारण ते तिनेच लिहिले होते. नव्या तंत्रज्ञांना सराव करता यावा म्हणून ‘पारख’च्या पोटात एक नकली हात घातलेला होता. रक्तमांसाचा नव्हे, नुसता आकड्यांचा. त्या हाताचं तापमान होतं ३१.४.

पुढचं सापडायला तिला वीस मिनिटं लागली. चकतीतल्या संगणकाशी थेट बोलता येत नाही. मध्ये हुकूम ऐकणारा एक कारभारी लागतो, त्याला शेल म्हणतात. नकाशा उचलून देतो तोही तोच. हा कारभारी कुठल्या खोलीत बसतो, ते चकतीच्या सेटिंगमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं. केरबांची चकती बसवायच्या आठवड्यात नवी आवृत्ती आली होती आणि कारभाऱ्याची खोली बदलली होती. तंत्रज्ञाने सवयीने जुन्या खोलीचा पत्ता लिहिला. चकतीने तो पत्ता वाचला, तिथे कोणी सापडलं नाही, नकाशा मिळाला नाही, आणि चकती गप्प बसली. ती बावीस महिने गप्प होती.

मग ‘पारख’ त्याच पत्त्यावर गेलं. त्यालाही तिथे कोणी भेटलं नाही. खरं तर त्याने तिथेच ओरडायला हवं होतं. त्याऐवजी त्याने काय केलं, ते गौतमीच्या समोर लिहिलेलं होतं. शेल सापडला नाही तर स्वतःच्या पोटातला शेल उघड, आणि पुढे चल. पोटातल्या शेलला एकच हात माहीत होता, नकली. त्याने त्या हाताची इमानेइतबारे तपासणी केली आणि कळवलं, हात ठीक आहे.

त्या ओळीशेजारी लिहिणाऱ्याची टीप होती : ‘असं कधी होणार नाही. झालंच तर वापरणाऱ्याला त्रास नको.’ खाली नाव होतं, गौतमी चौगुले.

तिला तो दिवस आठवला. पहिलं प्रात्यक्षिक होतं, पाहुणे जमले होते, आणि ऐनवेळी पडद्यावर लाल अक्षरं आली. टूलचे प्रमुख परिमल सर घामाघूम झाले. संध्याकाळी गौतमीने ही ओळ लिहिली, आणि लाल अक्षरं पुन्हा आली नाहीत. टीममध्ये सगळ्यांनी तिची पाठ थोपटली होती. अडलं तरी चालत राहतं ते खरं साधन, असं तेव्हा ते सगळेच मानत.

तिने परिमल सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“वडील कसे आहेत?” त्यांनी आधी विचारलं. माणूस वाईट नव्हता. मग म्हणाले, “हे बघ, पुढच्या अपडेटमध्ये आपण पत्ता आपोआप दुरुस्त करून टाकू. चुकीचा दिसला की टूलच नवा पत्ता शोधेल. कुणाला कळायचंही नाही.”

“कुणाला कळलं नाही, हेच तर झालंय, सर.”

“अगं, अकराशे रुग्ण आहेत. लाल अक्षरं बघून घाबरून जातील. झाकली मूठ सव्वा लाखाची, गौतमी.”

“टूलने अंदाज केला म्हणूनच हे झालं. पुन्हा अंदाजच करायला लावायचा? त्याला कळलं नाही तर त्याने तसं सांगितलं पाहिजे. काय सापडलं नाही, कुठे सापडलं नाही आणि त्यामुळे कशाची तपासणी झालेली नाही.”

“ती ओळ कुणाची, हेही नोंदीत निघेल.”

“माझं नाव निघेल. मी बघितलंय.”

कोंबडं झाकल्याने तांबडं फुटायचं राहत नाही, हे परिमल सरांनाही ठाऊक होतं. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि लिहून पाठव म्हणाले.

डॉक्टरांनी मात्र तिला आशा लावली नाही. “कातडी भरली की पत्ता दुरुस्त करता येईल,” त्या म्हणाल्या. “चकती ठोके द्यायला लागेल. पण मेंदूत हाताची जी जागा असते ना, तिथे तीन वर्षं काही आलं नाही तर शेजारचे भाग ती बळकावतात. पड टाकलेल्या रानात शेजारचं गवत घुसतं, तसं. दोन वर्षांच्या आत कळलं असतं तर मी पैज लावली असती.”

“पाचव्या महिन्यात ते सांगत होते,” गौतमी म्हणाली.

डॉक्टरांनी केरबांची फाईल उघडून बघितली. बावीस सह्या त्यांच्याही होत्या.

केरबा इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. पट्टीतला हात त्यांनी मांडीवर दुसऱ्याच कुणाची वस्तू सांभाळावी तसा ठेवला होता. गौतमी शेजारी बसली. कसं सांगावं याचा तिने काही विचार केला नव्हता.

“आप्पा, चूक टूलची होती. म्हणजे माझी. तुमची चकती चालूच झाली नव्हती. तुम्हाला जाणवत नव्हतं ते खरं होतं.”

केरबांनी मान हलवली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मला कसं म्हाईत असंल? तू म्हणलीस, मनातलं हाय. मला वाटलं, असंल बाबा. माणसाला मनातलं काय समजतंय?”

“मग व्हय का म्हणायला लागलात?”

“तुला बरं वाटायचं,” केरबा म्हणाले. रागाने नाही, तक्रारीनेही नाही. गुळाचा भाव सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. गौतमीला त्यांनी ओरडायला हवं होतं. ते ओरडले नाहीत, आणि तिलाही अजून रडू आलं नाही. समोरून एक बाई चहाची किटली घेऊन गेली.

मग गौतमीने मांडीवर लॅपटॉप उघडला आणि इशाऱ्याचा मजकूर लिहायला घेतला. पाच मिनिटांनी तिने तो वडिलांना वाचून दाखवला, “शेलचा पथ अवैध. निर्धारित स्थानी शेल अनुपलब्ध. सत्र प्रारंभ अयशस्वी.”

“ह्यातलं मला काय बी कळलं न्हाई,” केरबा म्हणाले. “हाताचं काय म्हंतंय त्ये?”

“हाताचं त्याला माहीत नाही. त्याने हात बघितलाच नाही.”

“मग तसं लिव की.” केरबा पहिल्यांदाच तिच्याकडे नीट वळले. “आमच्यात बी असतंय गं. एखाद्या टायमाला गुळव्याला पाक कळत न्हाई. ऊस नवा असतोय, न्हाईतर बोटं दमल्याली असत्यात. तवा त्यानं मोठ्यानं म्हणायचं, कळंना. की दुसरा जाणता येतोय, बोटात धरून बगतोय. त्यात लाज न्हाई कसली. गप बसला तर काहील करपती.”

“आणि तुम्ही आज?”

“गप बसलो,” केरबा म्हणाले. “सवय झाली हुती.”

गौतमीने सगळं पुसलं आणि नव्याने लिहिलं : ‘शेल अमुक ठिकाणी आहे असं सेटिंगमध्ये लिहिलं आहे, पण तिथे तो नाही. म्हणून तपासणी सुरूच झालेली नाही. हात ठीक आहे की नाही, हे मला कळत नाही. सेटिंग दुरुस्त करा. तोवर रुग्ण काय सांगतो ते ऐका.’

शेवटचं वाक्य परिमल सर काढून टाकतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी काढलं नाही. नवं ‘पारख’ शुक्रवारी सगळीकडे गेलं. सोमवारपर्यंत अकराशेपैकी त्रेसष्ट ठिकाणी लाल अक्षरं उमटली. त्या त्रेसष्ट जणांच्या जुन्या नोंदी गौतमीने एकेक करून वाचल्या. बहुतेकांनी सुरुवातीला ‘जाणवत नाही’ सांगितलं होतं, आणि पुढे कधीतरी ते सांगायचं सोडून दिलं होतं.

सहा आठवड्यांनी भाजलेली कातडी भरून आली. डॉक्टरांनी केरबांच्या चकतीला नवं ‘पारख’ लावलं. पहिल्यांदाच तो पडदा लाल झाला. केरबा पुढे वाकले आणि अक्षरं जुळवत त्यांनी सगळा मजकूर वाचून काढला.

“बराबर हाय,” ते म्हणाले. कुणी तरी त्यांच्या बाजूने साक्ष दिल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

गौतमीने पत्ता दुरुस्त केला. एका शब्दाचा फरक होता. कारभारी सापडला, चकतीने नकाशा उचलला, आणि बोटांचे आकडे पहिल्यांदाच खरे आले, खालीवर हलणारे. वर्तुळ हिरवं झालं. यावेळी ते खरं होतं, पण ते चकतीपुरतं. पुढचं केरबांच्या मेंदूवर होतं, आणि ते सांगणारं टूल अजून कुणी केलेलं नाही.

“तुम्हीच करा,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी गौतमीच्या हातात चाचणीचा नायलॉनचा दोरा दिला. केसापेक्षा थोडा जाड, एका काडीला लावलेला. समोर फॉर्म होता. दर बोटापुढे दोन चौकोन : होय, नाही.

“आप्पा, डोळे मिटा.”

केरबांनी डोळे मिटले. हात टेबलावर पसरला होता, नवी कातडी गुलाबी दिसत होती. गौतमीने दोरा उचलला आणि तो तसाच हवेत धरून ती थांबली. का थांबली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“जाणवतंय?” तिने विचारलं.

“व्हय,” केरबा म्हणाले.

दोरा बोटापासून वीतभर वर होता.

डॉक्टरांनी मान खाली घातली. गौतमीचे डोळे भरून आले, दीड महिन्यात पहिल्यांदा. “आप्पा,” ती म्हणाली, “मी अजून टेकवलाच नाही.”

केरबांनी डोळे उघडले नाहीत.

“मग न्हाई,” ते म्हणाले.

“मी काही म्हणणार नाही. जे असेल ते सांगा.”

तिने अंगठ्यावर दोरा टेकवला, तो वाकेपर्यंत दाबला.

“न्हाई.”

तिने ‘नाही’वर खूण केली. तर्जनीवर टेकवला.

“न्हाई.”

तिने खूण केली. मधल्या बोटावर टेकवला. केरबा गप्प झाले. कपाळावर आठी आली. काहिलीशी उभं राहून पाक चिमटीत धरल्यावर त्यांचं तोंड असं होत असे, हे गौतमीला लहानपणापासून माहीत होतं. तिने घाई केली नाही. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला, तो माणूस आत जाऊन बसला, दार लागलं.

“कळंना,” केरबा मोठ्याने म्हणाले.

फॉर्ममध्ये त्यासाठी चौकोन नव्हता. गौतमीने मधल्या बोटापुढे पेनाने लिहिलं, ‘कळत नाही’, आणि दोरा पुन्हा त्याच बोटावर टेकवला.